बिल आलं की नोंद होतेच, मग पीओ कशाला?

व्यावसायिकांच्या गटांमधून एक मजकूर सध्या बराच पुढे ढकलला जातो आहे. त्याचा सारांश असा: परचेस ऑर्डर (पीओ), म्हणजे काय, किती आणि कोणत्या दराने हवं हे पुरवठादाराला लेखी कळवणारी मागणी, ही कागदी वह्यांच्या काळातली गोष्ट. तिने जमाखर्चात एक आकडाही हलत नाही. सॉफ्टवेअरमध्ये बिल टाकलं की साठा वाढतो आणि पुरवठादाराचं देणंही उभं राहतं. चलन (मालासोबत येणारा पुरवठादाराचा कागद) आणि बिल जुळलं की तपासणीही झाली. साठा कमी झाला की सॉफ्टवेअर स्वतःच सांगतं. छोट्या धंद्याला तर पीओ परवडतच नाही. तेव्हा पीओ बंद करा, एकच गोष्ट दोनदा टाइप करण्याचा त्रास वाचवा. शेवटी दोन टोमणेही आहेत. पीओला कायद्यात काही वजन नाही (तोंडी करारही चालतो), आणि पीओमुळे घोटाळे थांबतात हे सॉफ्टवेअर विकणाऱ्यांचं थोतांड आहे.

मजकूर लिहिणारा अडाणी नाही. त्याने टाइपिंगचा त्रास सोसलेला दिसतो आणि त्याची दोन-तीन वाक्यं खरीही आहेत. पण त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

'पीओने जमाखर्चात काहीच बदलत नाही'

हे शंभर टक्के खरं. ऑर्डर दिली म्हणून ना माल आपला होतो, ना देणं तयार होतं. दोन्ही बाजूंनी अजून काहीच पार पडलेलं नसतं, म्हणून नावे-जमा काही पडत नाही आणि पडूही नये. जे सॉफ्टवेअर पीओ सेव्ह करताच धनकोच्या (ज्याचं देणं आहे त्या पुरवठादाराच्या) खात्यात रक्कम दाखवेल, ते मी त्याच दिवशी बदलेन.

पण जमाखर्चात न दिसणारी गोष्ट धंद्यात नसतेच असं नाही. सरकारी हिशेबपद्धतींत ऑर्डर दिली की तेवढी तरतूद 'बांधली गेली' असं नोंदवण्याची पद्धत आहे, नाहीतर तोच निधी दुसऱ्यांदा खर्ची पडेल. खाजगी धंद्यात ती सक्ती नाही, तरी येत्या दीड महिन्यात कोणाला किती द्यावे लागणार याचं उत्तर फक्त धनकोंच्या यादीत शोधणाऱ्याला अर्धंच उत्तर मिळतं. उरलेलं अर्धं उघड्या ऑर्डरींत असतं. शिवाय रद्द न करता येणारी ऑर्डर दिली आणि बाजारभाव इतका कोसळला की तो माल तोट्यातच विकावा लागणार, तर आंतरराष्ट्रीय लेखामानक ३७ नुसार त्या तोट्याची तरतूद माल यायच्या आधीच करावी लागते. ऑर्डर कुठे नोंदलेलीच नसेल तर हा तोटा हिशेबनिसाला कळणार कसा?

'बिल टाकलं की साठा वाढतो'

इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्याने होतं. माल येणं आणि बिल येणं या दोन वेगळ्या घटना आहेत. त्या एकाच दिवशी घडल्या तर तो योगायोग.

एक उदाहरण. एका वस्तूचे १० नग शिल्लक आहेत, प्रत्येकी ४० दराने घेतलेले. महिन्याच्या २८ तारखेला ४६ दराचे १०० नग गोदामात उतरले. बिल पुढच्या महिन्याच्या ४ तारखेला आलं. महिना संपायच्या आतच ६० नग विकले गेले. बिलावरच साठा वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये महिनाअखेरीला शिल्लक दिसते उणे ५०. विकलेल्या ६० नगांची किंमत त्याने त्याला माहीत असलेल्या ४० दराने धरली, म्हणजे २,४००. आधी आलेला माल आधी गेला असं धरलं तर खरी किंमत आहे १० नग ४० ने आणि ५० नग ४६ ने, एकूण २,७००. नफा ३०० ने फुगला. अखेरचा साठा हवा होता २,३००, दिसतो उणे २,०००. ही एका वस्तूची गोष्ट झाली.

काही सॉफ्टवेअर उणे साठ्यावर विक्री करूच देत नाहीत. तिथे तर आणखी गंमत होते. ग्राहक समोर उभा, माल डोळ्यांसमोर, आणि यंत्र म्हणतं माल नाही. मग विक्रीचं बिल करणारा माणूस घाईत एक खोटी आवक टाकतो, 'नंतर निस्तरू' म्हणून. ते नंतर कधी उजाडतं, हे वर्षअखेरीला साठा मोजायला बसलेल्यांना विचारा.

यावरचा उपाय म्हणजे आवक नोंद. माल उतरला त्या दिवशी साठा वाढवायचा आणि समोर 'माल आला, बिल बाकी' अशा मधल्या खात्यात तेवढीच रक्कम जमा करायची. बिल आलं की ते खातं शून्यावर येतं. मजकुराचा समर्थक म्हणेल, ठीक आहे, आवक नोंद करू, तिला पीओ कशाला? तर त्या आवकेला दर कुठून आणणार? डिलिव्हरी चलनावर बहुतेक वेळा फक्त नग असतात, दर नसतो. मागच्या खरेदीचा दर धरला तर वरचाच ४० आणि ४६ चा घोळ परत सुरू. ठरलेला दर पीओतच असतो. आणि बिल ४८ ने आलं तर १०० नगांमागे २०० चा फरक त्या मधल्या खात्यात उघडा पडून राहतो. कोणीतरी त्याची विचारपूस केल्याशिवाय तो हलत नाही.

'चलन आणि बिल जुळलं की तपासणी झाली'

चलन कोणी लिहिलं? पुरवठादाराने. बिल कोणी लिहिलं? त्यानेच. हे दोन कागद एकमेकांशी जुळवणं म्हणजे साक्षीदाराची उलटतपासणी त्याच्याच दुसऱ्या साक्षीने करणं. ५०० मागवले, ६०० पाठवले, चलनावर ६००, बिलावर ६००. सगळं जुळलं! नग आपल्या माणसाने मोजून घेतले तरी तो ६०० च मोजणार. मागवले किती होते, हे सांगणारा आपला कागद एकच, आणि तोच बंद करायचा म्हणतात.

जास्तीचा माल ही क्षुल्लक बाबही नाही. आंतरराष्ट्रीय मालविक्री करारांवरच्या १९८० च्या व्हिएन्ना करारनाम्यात त्यासाठी स्वतंत्र तरतूद आहे. ठरल्यापेक्षा जास्त माल आला तर खरेदीदार जादा भाग नाकारू शकतो, पण घेतला तर त्याचे पैसे करारातल्या दराने द्यावे लागतात. नाकारायचं तर ते वेळेत कळवावं लागतं. गोदामातल्या माणसाला जास्तीचा माल आला हे उतरवतानाच कळायला हवं, महिन्याभराने हिशेबनिसाला कळून उपयोग नाही.

जाता जाता एक सल्ला, मजकुरात नसलेला. गोदामातल्या माणसाला आवक करताना पीओतले नग पडद्यावर दिसू देऊ नका. ५०० दिसले की माणूस न मोजता ५०० लिहितो. आधी त्याने मोजून आकडा टाकावा, तुलना सॉफ्टवेअरने करावी. आणि एका नगाच्या फरकावरून बिल अडवू नका. दोन-तीन टक्क्यांपर्यंतचा फरक चालेल असं वस्तूनुसार ठरवून ठेवा, नाहीतर लोक जुळवणीलाच कंटाळतात.

'साठा कमी झाला की सॉफ्टवेअर सांगतं'

सांगतं, पण कशाच्या जोरावर? समजा एक वस्तू रोज २० नग खपते आणि माल यायला १० दिवस लागतात. म्हणजे २०० नग, शिवाय अडीअडचणीला ६०. साठा २६० च्या खाली गेला की मागवायचा. आज २५५ झाला, तुम्ही फोनवर ४०० सांगून टाकले. उद्या साठा २३५. सॉफ्टवेअर परत म्हणतं मागवा, कारण ४०० वाटेवर आहेत हे त्याला कोणी सांगितलंच नाही. परवा २१५, पुन्हा तेच. सुट्टीवरून परतलेला सहकारी ती सूचना पाहतो आणि मोठ्या जबाबदारीने आणखी ४०० मागवतो. मागवायची वेळ हातातल्या साठ्यावर ठरत नाही. हातातला साठा, अधिक वाटेवरचा, उणे ग्राहकांना कबूल केलेला, हे तिन्ही धरून ठरते. पीओ काढून टाकला की मधला आकडा कायमचा शून्य.

वाटेवरचा माल विसरणं हा आळशीपणा नाही, माणसाचा स्वभावच तसा आहे. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठात 'बीअर गेम' नावाचा एक खेळ खेळवतात. चार खेळाडू असतात: किरकोळ विक्रेता, घाऊक विक्रेता, वितरक आणि कारखाना. ग्राहकांची मागणी सुरुवातीला आठवड्याला ४ खोकी असते, एकदाच ती ८ होते आणि नंतर तशीच राहते. एवढ्याशा बदलावर साखळीत आधी मोठा तुटवडा आणि मग मालाचे डोंगर तयार होतात. तिथलेच प्राध्यापक जॉन स्टर्मन यांनी १९८९ मध्ये या खेळाच्या निकालांचं विश्लेषण केलं, तेव्हा मुख्य कारण हेच निघालं की खेळाडू आपणच दिलेल्या आणि अजून न पोहोचलेल्या ऑर्डरी पुरेशा हिशेबात धरत नाहीत. समोर कागद असूनही ही गत. फोनवर सांगितलेल्या ऑर्डरीचं काय होत असेल!

हाच पीओ विक्रीलाही लागतो. ग्राहक विचारतो, कधी मिळेल? पीओवर येण्याची तारीख असेल तर उत्तर आहे. फक्त ती तारीख पुरवठादाराने कबूल केलेली हवी. आपल्याला हवी असलेली तारीख टाकून ग्राहकाला वचन देणाऱ्यांना सॉफ्टवेअर वाचवू शकत नाही.

'पीओला कायद्यात वजन नाही'

पीओ हा प्रस्ताव असतो, पुरवठादाराने स्वीकारला की करार होतो. त्याने उलट पाठवलेल्या पोचपावतीत दर, नग किंवा तारीख बदलली असेल तर तो स्वीकार उरत नाही, नवा प्रस्ताव ठरतो. व्हिएन्ना करारनाम्यात हे स्पष्ट आहे. तोंडी करारही चालतो, हे मात्र मजकूरवाल्याचं बरोबर आहे; त्याच करारनाम्यात लेखी स्वरूपाची अट नाही. पण चालतो आणि सिद्ध करता येतो यातलं अंतर ज्याने एकदा अनुभवलं, तो पुढची ऑर्डर लिहूनच देतो.

'पीओने घोटाळे थांबत नाहीत'

इथे मी बराचसा त्यांच्या बाजूने आहे. २०१३ ते २०१५ च्या दरम्यान लिथुआनियातल्या एका माणसाने, एका खऱ्या आशियाई हार्डवेअर उत्पादकाच्याच नावाची कंपनी लाटव्हियात नोंदवली आणि बनावट ईमेल व बिलं पाठवून गूगल आणि फेसबुककडून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम आपल्या खात्यांत वळवली. २०१९ मध्ये त्याला पाच वर्षांची शिक्षा झाली. या कंपन्यांचा त्या खऱ्या उत्पादकाशी व्यवहार होता आणि खऱ्याखुऱ्या मालाचेच पैसे दुसरीकडे गेले. अशा वेळी पीओ जुळूनही उपयोग नसतो, कारण बदललेलं असतं ते बँक खातं. त्यावर उपाय वेगळा: खातं बदलण्याची विनंती आली की आधीपासून आपल्याकडे असलेल्या नंबरवर फोन करून खात्री करायची.

पीओने अडतो तो साधा प्रकार: कधीच न मागवलेल्या मालाचं बिल, एकच बिल दोनदा, गुपचूप वाढवलेला दर. तेही ऑर्डर देणारा, माल घेणारा आणि पैसे सोडणारा हे वेगवेगळे असतील तरच. तिन्ही कामांची किल्ली एकाच लॉगिनला दिली असेल तर पीओ निव्वळ सजावट आहे.

'छोट्या धंद्याला परवडत नाही'

भाडं, वीज, इंटरनेट यांना पीओ नकोच. किरकोळ खरेदीला एक मर्यादा ठरवा, तिच्या आत सरळ बिल टाका. दर आठवड्याला तेच येणारं असेल तर वर्षाची एकच ऑर्डर करून तिच्यातून आवक वजा करत जा. दोनदा टाइप करण्याची तक्रारही बरोबर नाही. नीट वापरलं तर पीओवरून आवक आणि आवकेवरून बिल एकेका बटणाने तयार होतं. टाइप एकदाच करायचं, तेही आधी. फक्त मोजमापाचं एकक तपासा. तुम्ही १२ लिहिलं नग समजून आणि पुरवठादार १२ नगांचा खोका विकतो, तर दारात १४४ येतील.

मजकुरात न आलेली, पण पीओविरोधातली सगळ्यात जड तक्रार मी स्वतःच मांडतो. जुने, अर्धवट आलेले पीओ कोणी बंद करत नाही. ५०० पैकी ४८० आले, उरलेले २० पुरवठादार कधीच देणार नाही, तरी ते वर्षभर 'वाटेवर' दिसत राहतात. सॉफ्टवेअर त्यांच्या भरवशावर नवी खरेदी सुचवत नाही आणि ऐनवेळी माल संपतो. असे मेलेले पीओ नसलेल्या पीओइतकेच घातक. महिन्यातून एकदा, अपेक्षित तारीख उलटलेल्या ओळी काढा आणि प्रत्येकीला एकच प्रश्न विचारा: येणार की बंद करू?

आणि एक दुसरी यादीही काढा, ज्यांत पीओची तारीख बिलाच्या तारखेनंतरची आहे त्यांची. मी एका ठिकाणी ती काढली तेव्हा निम्म्याहून जास्त पीओ तिच्यात होते. बिल हातात घेऊन, त्यावर पाहून, त्याच दराने आणि तेवढ्याच नगांचे बनवलेले, केवळ सॉफ्टवेअर मागतं म्हणून. अर्थातच सगळे बिलाशी तंतोतंत जुळत होते. त्या ठिकाणी कोणी 'पीओ बंद करा' म्हणालं असतं, तर मी वाद घातला नसता.