नदालच्या बाटल्या आणि मुलांच्या मनगटावरचे काळे दोरे

अखाजीच्या सुट्टीत जळगावात मुलांची शिबिरं सुरू झाली की पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तोच मजकूर पुन्हा फिरू लागतो. म्हणे, टेनिसपटू नदाल पाण्याच्या बाटल्या ईशान्येला मांडायचा म्हणून त्याने 22 ग्रँडस्लॅम जिंकले. सेरेना विल्यम्स अख्खी स्पर्धा एकच मोजे घालायची, जुना विजेता ब्योर्न बोर्ग दाढी वाढवायचा. जगज्जेते तोडगे मानतात, शास्त्रज्ञांनीही ते सिद्ध केलंय, म्हणून आपल्या लेकरालाही सामन्याआधी दोरा बांधा. मी इथे मुलांना टेनिस शिकवतो. या मजकुराचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची किंमत मुलं मोजतात.

आधी नदाल. तो खुर्चीसमोर डावीकडे दोन बाटल्या एकामागे एक, कोर्टाकडे तिरप्या ठेवायचा, हे खरं. पण त्यांची दिशा कोर्टावरून ठरायची, त्यात ईशान्य कुठून आली? 2011 च्या आत्मचरित्रात त्याने स्वतःच हा प्रश्न घेतलाय: ही अंधश्रद्धा असती तर हरल्यावरही मी तेच का करत राहिलो असतो? डोक्यात जी शिस्त हवी, ती तो आधी आजूबाजूला लावून घ्यायचा. फ्रेंच ओपनमध्ये 2009 ला सॉडरलिंगने आणि 2015 ला जोकोविचने त्याला हरवलं, म्हणून त्याने बाटल्या मांडणं सोडलं नाही. तोडगा मानणारा माणूस हरला की तोडगा बदलतो.

सेरेनाचं मात्र मान्य करतो, ती असल्या गोष्टी मानायची. 2007 च्या फ्रेंच ओपनमध्ये उपांत्यपूर्व फेरीत हरल्यावर तिने बुटांची नाडी नीट न बांधल्याचं, चेंडू पाच वेळा न आपटल्याचं कारण सांगितलं होतं. पण तिला हरवणाऱ्या जस्टिन हेनिनने त्याच वर्षी विम्बल्डन आणि यूएस ओपनमध्येही तिला उपांत्यपूर्व फेरीतच बाहेर काढलं. कारण शोधायचं तर ते हेनिनच्या खेळात शोधायला हवं.

बोर्गबद्दल एवढंच: विम्बल्डन त्याने 1976 ते 1980 सलग पाचदा जिंकलं, आणि यूएस ओपन मात्र चार अंतिम सामने खेळूनही एकदाही नाही.

आपल्याकडे पाणाड्या हातावर नारळ घेऊन वावरात फिरतो. ज्या बोअरला पाणी लागलं, त्याच्या पाणाड्याचं नाव यावल-रावेरपर्यंत पोचतं. कोरड्या गेलेल्या बोअरची आठवण फक्त कर्ज फेडणाऱ्या शेतकऱ्याला असते. खेळाडूंच्या तोडग्यांचंही तसंच आहे. पहिल्या फेरीत हरून घरी गेलेल्यांचे मोजे कोण मोजतो?

आता ‘शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं’. 2010 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांना असं दिसलं होतं, की ‘हा चेंडू लकी आहे’ असं सांगितल्यावर लोक गोल्फचा चेंडू जास्त वेळा खळग्यात घालतात. 2014 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी जास्त माणसं घेऊन तोच प्रयोग केला, तेव्हा काहीच फरक आढळला नाही. मजकुरात फक्त पहिला अर्धा भाग येतो.

आणि सगळ्यात घातक सल्ला, दोऱ्याचा. सर्व्हिसआधी चेंडू तीनदा आपटणं, एक श्वास सोडणं, चेंडू कुठे टाकायचा ते ठरवणं, हे मुलाच्या स्वतःच्या हातात असतं. मागचा गुण विसरायला तेवढा वेळ पुरतो. नियमाने दोन गुणांमध्ये 25 सेकंद मिळतात, त्यात हे सहज बसतं. दोरा मात्र तुटतो, हरवतो, घरी राहतो. धुळ्याच्या एका स्पर्धेत माझी बारा वर्षांची विद्यार्थिनी सामन्याआधी बॅग उपसत रडत होती. आईने बांधलेला दोरा गाडीत कुठेतरी पडला होता. पहिल्याच गेममध्ये तिने तीन डबल फॉल्ट केले, म्हणजे तीनदा दोन्ही सर्व्हिस चुकवून गुण घालवला. हात तोच होता, रॅकेटही तीच. सामना संपल्यावर ती म्हणाली, “सर, मला आधीच माहीत होतं.”

त्यानंतर दोन महिने आम्ही तिची सर्व्हिसआधीची पद्धत बसवली. चेंडूचे तीन टप्पे, एक श्वास, मग टॉस, म्हणजे चेंडू वर उडवणं. तिच्या आईशीही मी बोललो. त्या माउलीचं प्रेम खोटं नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि त्या भीतीवर कुणीतरी हा मजकूर पाठवला होता.

परवा ती मुलगी भुसावळच्या खेळाडूकडून हरली. बाहेर आली, पाणी प्यायली आणि म्हणाली, “सर, माझी दुसरी सर्व्हिस सारखी नेटमध्ये का जात होती?”