ऊब हवी असेल तर गोधडी घे

रविवारी सकाळी आमच्या इंदूरला रामबागेच्या कोपऱ्यावर पोहे खाता खाता जे सुरू झालं ते ऊन डोक्यावर आलं तरी संपेना, म्हणून म्हटलं लिहूनच टाकू. सुरुवात अर्थातच मन्याची. ती बातमी त्याने आदल्या रात्रीच ग्रुपवर टाकली होती, अमेरिकेत रेकॉर्डी सीडीपेक्षा जास्त खपतात ती, 2022 पासून दर वर्षी येते आणि दर वर्षी मन्याच टाकतो.

"बघा, म्हटलं नव्हतं? परत आली की नाही तबकडी!"

"आली ना," अप्पा म्हणाले, "पण गेली कशामुळे होती ते पण सांग की."

अप्पांनी महाराणी रोडवर चाळीस वर्षं रेडिओ, रेकॉर्ड प्लेअर आणि अँप्लिफायर दुरुस्त केले. रामबाग, नारायण बाग, लोकमान्य नगर, किती घरांतल्या प्लेअरचं पोट त्यांनी उघडलं असेल त्याची गणती नाही, आणि तेच अप्पा आता फोनची वायर कानात घालून गाणं ऐकतात. मला यात काही विचित्र वाटत नाही. ज्याने आयुष्यभर सुया बदलल्या त्यालाच माहीत की सुई काय करते.

मन्या म्हणजे बंगलोरला बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढून परत आला तो टर्नटेबल घेऊनच आला. त्याच्याकडे गेलं की चहा नंतर, आधी पांढरे हातमोजे. कार्बन फायबरचा ब्रश, डिस्टिल्ड वॉटरची बाटली, टेबल सरळ आहे का बघायला गवंड्याकडे असते तशी पाणसळ, आणि रेकॉर्डी किती तर अकरा. त्यातल्या तीनच वाजतात, बाकीच्या झिजतील म्हणून बंद.

"अप्पा, डिजिटल म्हणजे आवाजाचे तुकडे," मन्या पोह्यावर जीरावन, आपला इंदुरी मसाला, मारत म्हणाला. "आवाज म्हणजे वाहती नदी, आणि तुम्ही त्याच्या पायऱ्या करता. ते कानाला कळतं."

"पायऱ्या कागदावरच्या आलेखात असतात रे. स्पीकरला जिना चढता येत नाही." अप्पांनी चमचा खाली ठेवला, म्हणजे आता ऐकायचं. "सीडीत एका सेकंदाला आवाजाची 44,100 मोजमापं घेतात. माणसाच्या कानाची धाव सेकंदाला 20,000 कंपनांपर्यंत, ती पण पोरवयात, तुझी आता पंधरा हजारांच्या आत आली असेल. त्याच्या दुपटीपेक्षा जास्त मोजमापं घेतली की मधली लाट अंदाजाने नाही, नेमकी परत मिळते. बाहेर येते ती लाटच येते, सलग. आता तुझ्या नदीचं बोलू. खाच कापताना खर्ज आहे तसा कापला तर सुई शेजारच्या खाचेत जाईल, म्हणून खर्ज कमी करून कापतात आणि वरचे सूर वाढवून. वाजवताना अँप्लिफायर सगळं उलटं करतो. 1954 पासून हा ठरलेला हिशोब आहे. मी त्याचे कंडेन्सर बदलून बदलून म्हातारा झालो, आणि तू मला जसंच्या तसं म्हणून सांगतोस?"

"पण ती ऊब, अप्पा! ती वॉर्म्थ!"

"ऊब हवी असेल तर गोधडी घे."

पोहेवाला पण हसला. मन्या हसला नाही, त्याने फोन काढला आणि म्हणाला थांबा, ऐकवतोच, काल रात्रीच लावली होती. म्हणजे त्याने रेकॉर्ड लावली, तिचा फोनवर व्हिडिओ घेतला आणि तो आता आम्हाला फोनच्या स्पीकरवर ऐकवत होता, ट्रॅफिकमध्ये. शुभाताई म्हणाल्या, "मन्या, अरे ही ऊब पण व्हॉट्सअ‍ॅपवरूनच आली की."

शुभाताई गाणं शिकवतात, तिसेक वर्षं झाली, त्यांचं बोलणं मी नेहमी नीट ऐकतो. त्यांनी सांगितलं की त्या शिकत असताना गुरुजींकडे ख्यालगायक अमीर खां साहेबांची मारवा रागाची एलपी, म्हणजे मोठी रेकॉर्ड, होती, त्यात कोमल रिषभावर खांसाहेब येऊन थांबतात आणि षड्ज देतच नाहीत, आपण श्वास धरून बसतो, ती जागा पुन्हा ऐकायची म्हणून सुई उचलायची, अंदाजाने मागे ठेवायची, चुकली की खर्रर, परत उचलायची. "महिन्याभरात तिथे खड्डा पडला असेल. आम्ही रिषभ शिकलो आणि गुरुजींची रेकॉर्ड गेली. आता पोरी फोनवर तेवढी जागा वीस वेळा ऐकतात, हळू करून ऐकतात, कुणाचं काही झिजत नाही."

"हेच तर," अप्पा म्हणाले. "रेकॉर्ड ऐकायची म्हणजे दर वेळी थोडी खरडायची. ज्याच्यावर जास्त जीव, तीच आधी मरणार."

त्या एलपीचं नाव निघालं आणि मी गप्प बसलो नाही. ती 1960 ची एलपी, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी, आमच्या बाबांकडे होती. खांसाहेब इंदूरचे, वडील शहामीर खां होळकर दरबारात सारंगिये, म्हणजे बाबांच्या लेखी ते गाणं घरचंच. 1987 च्या मे महिन्यात बंड्याने, हा आमचा मित्र तिथेच बसला होता, ती एका रात्रीपुरती नेली आणि चार दिवसांनी आणली ती भाजलेल्या पापडासारखी, काठ वर आलेला. स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिली म्हणाला. बाबा काही बोलले नाहीत. पण त्यांनी ती टाकली पण नाही, वर्तमानपत्राच्या गठ्ठ्याखाली दाबून ठेवली होती महिनोन्महिने, सरळ होईल म्हणून.

"झालं, आलं ते," बंड्या म्हणाला. "दर वेळी तीच घासलेली रेकॉर्ड." आणि जिलेबी घ्यायला उठून गेला.

मन्याला तेवढ्यात सुचलं. "ठीक आहे, पण नासाने काय पाठवलं अंतराळात? 1977 मध्ये व्हॉयेजर यानावर केसरबाई केरकरांची भैरवी गेली ती कशावर? रेकॉर्डवरच ना? सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची रेकॉर्ड! लाखो वर्षं टिकेल!"

हा मुद्दा चांगला होता, मी पण मान हलवली. अप्पांनी पोह्याचा घास संपवला. "गेली. आणि सोबत सुई आणि कार्ट्रिज, सुई बसते तो भाग, पण पाठवलंय, कसं वाजवायचं त्याची आकृती कोरून. का? तर तिथे सुई कुठून मिळणार. अरे इथे जेल रोडवर मिळत नाही, तू मुंबईहून मागवतोस, त्यांनी निदान तेवढा विचार केला. आणि किती गेली भैरवी? साडेतीन मिनिटं. ज्या बाईने मैफलीत टेप लावू दिला नाही तिचं बहुतेक गाणं जगाला साडेतीन मिनिटांच्या तबकड्यांवरून माहीत. परग्रहावरच्याला वाटेल की ख्याल म्हणजे एवढाच असतो."

पुढचं जे अप्पा बोलले त्यासाठीच खरं तर मी हे लिहितोय. त्यांनी कागदी प्लेट पुढे ओढली, पोहे संपलेले, मधोमध जिलेबी. बोट काठाला लावलं आणि प्लेटभर फिरवलं. "एलपी मिनिटाला तेहतीस अन् एक तृतीयांश फेरे घेते, बाहेर पण तेवढेच, आत पण तेवढेच. पण बाहेरच्या काठाला सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर खाच जाते." मग बोट जिलेबीला चिकटवून फिरवलं, लहानसा फेरा. "आणि इथे जेमतेम वीस-एकवीस. म्हणजे तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबायचा. तिथे सुई अडखळते, तार सूर फाटतो, स ऐकायला श येतो. आता मला सांग, आपल्या गाण्यात शेवटी काय असतं?"

शुभाताई आधी बोलल्या. "द्रुत, जलद लय. ताना."

"विलंबितला भरपूर जागा, जिथे एक एक सूर निवांत, आणि जिथे सेकंदाला आठ सूर पडणार तिथे अडचण. ज्यांनी हे यंत्र बनवलं त्यांचा दोष नाही, त्यांच्यासमोर ख्याल नव्हता. पण गिऱ्हाइकं यायची, म्हणायची अप्पा, सुई बदला, ताना फाटतात. मी बदलायचो. तान तशीच फाटायची."

आम्ही सगळे जरा वेळ त्या प्लेटकडेच बघत बसलो. माझ्या डोक्यात आलं की बाबा मारव्याच्या बंदिशीला डोळे मिटून बसायचे आणि द्रुत सुरू झालं की उठून प्लेअरजवळ जायचे, आवाज जरा कमी करायचे. मला वाटायचं त्यांना द्रुत आवडत नाही.

आणि लांबीचा हिशोब तर वेगळाच. बाजूला वीस-पंचवीस मिनिटं मावणार, खांसाहेबांचा अतिविलंबित झूमरा ताल, चौदा मात्रांचं एक आवर्तन मिनिटभर खाणार, मग राग उलगडायला उरलं काय? मैफलीत जे गायले ते लोकांनी स्पूलवर टेप केलं होतं, कपाटांत पडून होतं, ते आता फाइल होऊन कुणालाही ऐकता येतं, सुदामा नगरातल्या पोरीला पण आणि टोरंटोतल्या पोराला पण. मला विचाराल तर डिजिटलची खरी कमाई ही. लाखेच्या जुन्या तबकड्यांबद्दल तर प्रश्नच नको, हातातून सुटली की संपलं. इंदूरजवळ पिगडंबरला लताबाईंच्या नावाचं रेकॉर्ड संग्रहालय आहे, मन्याने तेही काढलं, आणि अप्पा म्हणाले की तिथे मी हात जोडून आलोय, पण प्रत्येक तबकडीची एक नक्कल फाइलमध्ये पाहिजे, नाहीतर ते जपणं अर्धंच.

मन्या अजून हटेना. "नवीन दाबलेल्या रेकॉर्डी ऐका तुम्ही, थेट मूळ टेपवरून, मध्ये डिजिटल काही नाही, माझ्या कानाला लगेच कळतं मध्ये डिजिटल असेल तर."

"मोबाइल फिडेलिटीचं वाचलंस का 2022 मध्ये?"

मन्याने पाण्याचा ग्लास उचलला. वाचलं असणार, कारण पुढचं तो बोलला नाही. अमेरिकेतली ती कंपनी, चोखंदळ लोक तिच्या रेकॉर्डी रांगा लावून घ्यायचे, आणि निघालं काय, तर कित्येक वर्षं मध्ये डिजिटल फाइल होती. "जगातले सगळ्यात तिखट कान," अप्पा म्हणाले, "आणि एकालाही ऐकून कळलं नाही. बातमी फुटल्यावर कळलं."

एका मुद्द्यावर मात्र मी मन्याच्या बाजूचा, आणि तिथे अप्पा पण गप्प होते. मन्या म्हणाला की रेकॉर्डचं कव्हर हातात घेतलं की तबला कुणाचा, सारंगी कुणाची, बंदिशीचे बोल, मागे दोन परिच्छेद, सगळं असतं. अ‍ॅपवर काय, तर एक चौकोनी फोटो आणि रागाचं नाव, ते पण कधी चुकलेलं. साथीदाराचं नाव नसणं ही मला खरंच चोरी वाटते. तासभर माणूस ठेका धरून बसलाय आणि त्याला नाव नाही. शुभाताई म्हणाल्या की पोरी आता विचारतच नाहीत तबला कुणाचा, आणि आलाप सुरू असतानाच बोट पुढे सरकवतात. रेकॉर्ड बाजू संपेपर्यंत बसवून ठेवायची.

"बसवते कशी नाही," वहिनी आल्या होत्या तेवढ्यात, मन्याची बायको, त्याला न्यायला. "दर वीस मिनिटांनी उठवते. बाजू बदलायला मलाच हाक मारतो, हातमोजे घालून ये म्हणतो, माझ्या हाताला कणीक असते. एवढ्याशा अकरा रेकॉर्डींनी माझं साड्यांचं कपाट खाल्लंय."

बंड्या जिलेबी घेऊन आला तेव्हा सगळे हसत होते, आणि त्याला वाटलं की त्याच्यावरच हसतायत.

"बरं बाबा, सांगतो," तो एकदम म्हणाला. "डिकीत नव्हती राहिली."

"काय?"

"तुझी मारव्याची. उन्हाने नाही वाकली. ओट्यावर ठेवली होती, आणि आईने वर साबुदाण्याच्या खिचडीचं पातेलं ठेवलं. गरम. तिला वाटलं टेबलमॅट आहे, काळं, गोल, मस्त."

मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अप्पांना ठसका लागला, शुभाताईंनी त्यांच्या पाठीवर हात फिरवला आणि त्यांना स्वतःलाच हसू आवरेना. मन्या तेवढा गंभीर होता, म्हणाला, कुठली बाजू वर होती?

"दरबारी," बंड्या म्हणाला. "आणि कव्हरात ठेवली असती तर वाचली असती, हा तुझा कव्हरचा मुद्दा मला मान्य आहे."