पायगुण

परवा सर्व्हिस सेंटरमधल्या पोरसवदा ॲडव्हायझरने माझ्या हातात चावी ठेवत विचारलं, "सर, ऑटोमॅटिक पहिल्यांदाच चालवताय का?"

सात वर्षं आणि ८८ हजार किलोमीटर मी हीच एसयूव्ही चालवतोय. मी ती घेतली तेव्हा हा मुलगा सायकलवरून दहावीच्या क्लासला जात असणार. जॉबकार्डावर लिहिलं होतं, 'ग्राहकाच्या म्हणण्यानुसार जर्क. तपासणीत काही आढळले नाही.' आणि त्या 'काही नाही'चे जीएसटीसकट १,७७० रुपये.

तक्रार सरळ होती. गाडी गरम झाली की दुसऱ्यातून तिसऱ्या गिअरमध्ये जाताना मागून लाथ बसते. गेल्या महिन्यात ती बसली तेव्हा मागच्या सीटवर सासूबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर शिऱ्याचा डबा. "सावकाश हो," एवढंच म्हणाल्या, पण तो 'हो' मला अजून ऐकू येतो. ॲडव्हायझरचं मत असं, की गाडीत दोष नाही, हा तिचा स्वभाव आहे. ॲक्सिलरेटर जरा हलक्या पायाने दाबा. आपल्याकडे नव्या सुनेचा पायगुण बघतात. माझा पन्नाशीत बघितला गेला आणि वाईट निघाला.

हे सगळं मी पार्किंगमध्ये बायकोला सांगत होतो आणि ते दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी ऐकलं. काका एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तरी ते आधी कान लावतात. "सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरला काय कळतंय?" म्हणाले आणि वर गेले. खाली आले ते स्टीलचं फुलपात्र, पाण्याची बाटली, नातवाची चौरेघी वही आणि पेन घेऊन.

"चल. चांदणी चौकापर्यंत."

काका पुढे बसले. फुलपात्र काठोकाठ भरलं, डाव्या तळहातावर ठेवलं, उजव्या हातात पेन, मांडीवर वही. सीटबेल्ट मी लावून दिला, कारण हात रिकामा नव्हता. पौड रोडला लागेपर्यंत एक थेंब सांडला नाही. "गार इंजिन, दोष नाही," काका बोलत बोलत लिहीत होते. मला वाटलं, आता गाडीही माझ्यावर उलटणार. पण वीसेक मिनिटांच्या ट्रॅफिकनंतर, चढाला लागताना बसली एकदाची लाथ. काका क्षणभर काही बोलले नाहीत. मग वहीत नोंद झाली : 'दोन-तीन : लेंगा.'

फुलपात्र पुन्हा भरलं. असं चार वेळा. तिसऱ्या वेळी मी म्हटलं, "काका, पटलं, परत फिरू." त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की मी गप्प चालवत राहिलो. चांदणी चौकातला जुना पूल २०२२ साली स्फोटकं लावूनही एका दमात पूर्ण पडला नव्हता. काका त्या रात्री बघायला गेले होते. "तेव्हाचा हादरा यापेक्षा सौम्य होता," म्हणाले. परत येताना गेटवर वॉचमनने काकांचा ओला लेंगा पाहिला आणि सभ्यपणे नजर वळवली. खुलासा करायला दोघांनाही सुचलं नाही.

"क्लचप्लेट," काकांनी निदान केलं.

"काका, हिला क्लच नाही."

"पेडल नाही. क्लच नाही असं कोण म्हणालं?"

ही ऑटोमॅटिकची नवी फॅशनच वाईट, असंही ते म्हणाले. ओल्ड्समोबिलने १९४०च्या मॉडेलवर ऑटोमॅटिक गिअर दिला होता, हे मी सांगितलं नाही. चीड याची आली, की क्लचबाबत ते बरोबर होते. पेटीच्या आत क्लचच्या चकत्यांचे गठ्ठेच असतात आणि तेलाच्या दाबाने ते धरले-सोडले जातात. तेल खराब झालं किंवा कमी पडलं की दाब चुकतो, एक गठ्ठा सुटायला आणि दुसरा धरायला गाठ पडत नाही, आणि शिरा सांडतो.

नाना पेठेतल्या एका स्पेअर पार्टवाल्याने फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारा मेकॅनिक सुचवला. त्याने गाडी लिफ्टवर चढवली, टॉर्च घेतला आणि खाली उभा राहून वर बघितलं. गिअरबॉक्सच्या पॅनचं गॅस्केट पाझरत होतं. तेल काढलं तर कोकम सरबतासारखं लाल असायचं ते पार काकवी झालेलं, आणि सव्वा लिटर कमी.

"पण मला तर लाइफटाइम ऑइल आहे म्हणून सांगितलं होतं."

"लाइफटाइम कुणाचा, साहेब? वॉरंटीचा?"

झेडएफसारखी गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांत तेल बदला म्हणते. इथे मात्र ते अमर. आणि माझ्या गाडीच्या गिअरबॉक्सला डिपस्टिकच नाही. इंजिन चालू ठेवून, तेल चाळीसेक अंशांवर असताना, खालचा प्लग उघडून पातळी बघावी लागते. स्कॅनरला त्यातलं काही दिसत नाही, कुणीतरी गाडीखाली जावं लागतं. १,७७० रुपयांत कुणीही गेलं नव्हतं. पाय माझा बघितला, गाडीचं पोट नाही.

एकदा तेल सोडून निम्मंच निघतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इंजिनचा जोर तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात, अडकून बसतं. म्हणून दोनदा बदललं. गॅस्केट, फिल्टर, मग कंप्युटरला आधीचं शिकलेलं विसरायला लावलं. बिल सांगत नाही, घरी बायकोलाही अजून सांगितलेलं नाही. काल सर्व्हिस सेंटरमधून फोन आला, "सर, फीडबॅकमध्ये दहापैकी दहा द्या हं, माझ्या इन्सेंटिव्हचा प्रश्न आहे." मी दिले. का दिले, कळत नाही. त्याचाच राग जास्त येतोय.

संध्याकाळी काकांना घेऊन पुन्हा चांदणी चौक. जाऊन-येऊन फुलपात्र काठोकाठ, लेंगा कोरडा. काका खिडकीबाहेर बघत होते. वही उघडलीसुद्धा नाही. उतरताना फुलपात्र कपहोल्डरमध्येच राहिलं. काकूंनी दोनदा निरोप पाठवलाय, सहाच्या सेटमधलं आहे म्हणून.