पाणी आलं का?

कोल्हापूरला फोन लावला की आईला पहिला प्रश्न ठरलेला, "पाणी आलं का?" मे महिन्यात ते नळाचं असतं, जुलैत पंचगंगेचं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मात्र ती म्हणाली, "दोन्हीकडनं पंचाईत बघ बाळा. दारात आलंय आणि नळाला थेंब न्हाई." बालिंगा, शिंगणापूरची उपसा केंद्रंच बुडालेली. पुरानं वेढलेलं शहर घागरी घेऊन टँकरच्या रांगेत!

२०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी पुन्हा ५६ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४३. त्याच जुलैत, आठवडाभर आधी, मी राहतो त्या कोलोनपासून तासाभरावरच्या आर नदीच्या खोऱ्यात पुरानं गावं नेली. जर्मनीत १८० हून जास्त माणसं दगावली. तापलेल्या हवामानामुळं तसल्या पावसाची शक्यता १.२ ते ९ पट वाढली, असा अंदाज शास्त्रज्ञांनी पुढच्याच महिन्यात मांडला. भांडणं इथंही झालीच, इशारा कुणी दिला नाही यावरून. तेव्हा जर्मन शहाणपण सांगायला मी बसलेलो नाही.

पण आमच्या मामांचं गाडं कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या पुढं सरकत नाही. "उंची ५१९ ची ५२४ मीटर केली की आपण बुडालो." मामा, अलमट्टीवर जरूर भांडा. पण आपल्याच राधानगरी धरणाचे दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात, ते कर्नाटकाला विचारून नव्हे. हवा एका अंशानं तापली की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते आणि ओतते तेव्हा एकदम ओतते. पुरासाठी धरण जुलैत रिकामं हवं, उसासाठी आणि नळासाठी ऑक्टोबरात काठोकाठ. पाऊस महिनाभर रिपरिपत होता तोवर हे दोन्ही जमायचं. आता चार दिवसांत कोसळून तीन आठवडे गायब झाला, तर पाणी सोडायचं की धरायचं? बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, काढायचे-घालायचे दिवससुद्धा जुन्या पावसाच्या हिशेबानं ठरलेले.

ऱ्हाईनचंही तेच. २०१८ च्या ऑक्टोबरात नदीकाठच्या काउब गावी मोजपट्टीवरची पातळी २५ सेंटिमीटरवर आली, जहाजं अर्धीमुर्धी भरून चालायची.

आता शहराचं पाणी थेट पाइपलाइननं काळम्मावाडी धरणावरून येतं. दूधगंगेच्या त्याच पाण्यावर काठचा ऊस उभा, तेच इचलकरंजीला हवं. म्हणजे मेमधली उपसाबंदीची, नदीतून शेतीला पाणी उपसू न देण्याची, भांडणं आता धरणाच्या पायथ्याशी.

आईनं यावर्षी जूनमध्येच वरच्या मजल्यावर दोन पिंपं भरून ठेवलीत. पूर येईल तेव्हा प्यायला.