तो आपल्या गावचा होता का?

आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर तीन आठवडे एकच वाद चालू आहे. कोल्हापुरात आम्ही जिथं इंजिनिअरिंग केलं, तिथली इलेक्ट्रॉनिक्सची जुनी लॅब आमच्या बॅचच्या वर्गणीतून नव्यानं होतेय. तिला लेफ्टनंट व्ही. के. जैन यांचं नाव द्यावं, असं मी सुचवलं. पहिलं उत्तर आलं, "कोण जैन? आपल्या गावचा होता का?" दुसरं आलं, "त्याच्या प्रयोगापायीच बोट बुडाली म्हणतात."

पहिल्यानं वाईट वाटलं. दुसऱ्यानं माझी झोप गेली.

जैन नौदलातले तरुण अधिकारी. आपल्या नौदलाच्या 'खुकरी' या युद्धनौकेवर सोनार, म्हणजे पाण्याखालची पाणबुडी आवाजावरून हुडकणारं यंत्र होतं. त्याचा पल्ला वाढावा म्हणून त्यांनी त्यात एक सुधारणा केली होती आणि १९७१ च्या युद्धात तिची चाचणी घ्यायला ते त्याच बोटीवर होते. ९ डिसेंबरच्या रात्री पावणेनऊच्या सुमारास दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या 'हंगोर' पाणबुडीचा टॉर्पेडो लागला आणि काही मिनिटांत 'खुकरी' गेली. १८ अधिकारी, १७६ नौसैनिक. त्या अठरांत जैन.

आता तो "प्रयोग". सोनार आवाज सोडतं आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवर कान ठेवतं. बोट जोरात चालली की तिचा स्वतःचाच आवाज त्या कानात भरतो, म्हणून ऐकायचं तर वेग कमी ठेवावा लागतो. ग्रुपवरचा आरोप आहे तो ह्याच कमी वेगाचा. शिवाय आपल्या समुद्रात वरचं पाणी तापलेलं, खालचं थंड. आवाज मध्येच वाकतो आणि पाणबुडी त्या थराखाली दडते. 'हंगोर' फ्रेंच बनावटीची, नवी. 'खुकरी'चं सोनार तिच्यापुढं तोकडं होतं. तोकडं होतं म्हणूनच तर कुणीतरी ते सुधारायला बसलं! वेग किती ठेवायचा हे लेफ्टनंट ठरवत नाही, कॅप्टन ठरवतो. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी तो निर्णय अंगावर घेतला आणि ते बोटीबरोबरच गेले. ज्या पोरानं दुखण्यावर औषध शोधलं त्यालाच दुखण्याचा दोष देता? आपण इंजिनिअर ना?

मी एकवीस वर्षं इंग्लंडात, पोर्ट्समथ या नौदलाच्या बंदरात आहे. इथली 'शेफील्ड' युद्धनौका अर्जेंटिनाशी झालेल्या फॉकलंडच्या युद्धात ४ मे १९८२ ला क्षेपणास्त्रानं पेटली, २० जण गेले. त्या वेळी बोटीवरून उपग्रहामार्फत संदेश चालू होते आणि शत्रूच्या रडारची चाहूल देणारं यंत्र त्यामुळे बधिर झालं होतं. चौकशी झाली, चुका लिहिल्या गेल्या. पण गेलेल्यांतल्या एखाद्या पोराकडं बोट दाखवून "ह्याच्यामुळं" असं म्हणणारा माणूस मला इथं भेटलेला नाही. इथल्या साउथसी कॉमन मैदानातल्या स्मारकावर समुद्रात गेलेल्यांची चोवीस हजारांवर नावं आहेत. नोव्हेंबरात युद्धात गेलेल्यांच्या आठवणीचं लाल फूल, पॉपी, लावून आम्ही तिथं उभे राहतो, तेव्हा कुठलं नाव कुठल्या गावचं हे कुणी विचारत नाही.

हे ग्रुपवर लिहिलं तर उत्तर आलं, "तिकडं बसून आम्हाला शिकवू नकोस. कोल्हापूरचा आणि समुद्राचा संबंध काय?"

संबंध? २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा घरात शिरली, तेव्हा शिरोळ तालुक्यात नौदलाची पथकं बोटी घेऊन उतरली होती. माझी मावशी त्या पाण्यातून बाहेर आली. बोटीत घेणाऱ्याला तिनं गाव विचारलं नव्हतं. माझा मामा नौदलात नाविक होता. सुट्टीवर आला की गल्लीत विचारायचे, "फौजेत का नाही गेलास? बोटीवर काय करतोस?" तो हसून रंकाळ्यावर निघून जायचा. समुद्राची माणसं आम्हाला तेव्हाही आपली वाटली नाहीत.

हे सगळं मी तावातावानं लिहितोय, पण मलाही पुष्कळ उशिरा कळलं. हॉवरक्राफ्टनं समोरच्या आइल ऑफ वाइट बेटावर रायड, तिथून बसनं काउजला मी पोरांना किती वर्षं नेतोय. नदीकाठी जहाजं बांधणाऱ्या व्हाइट कंपनीच्या जुन्या यार्डाची ती अवाढव्य क्रेन उभी असते, १९१२ सालची. तिच्याकडं बघत आम्ही आइस्क्रीम खाल्लंय. 'खुकरी' १९५६ साली त्याच यार्डात पाण्यात उतरली, हे मला गेल्या वर्षी समजलं. इथल्या लोकांच्या चोवीस हजार नावांसमोर मी मान खाली घालत होतो आणि आमच्या एकशे चौऱ्याण्णवांतलं एक नाव मला पाठ नव्हतं. दीवचं खुकरी स्मारक मी अजून पाहिलेलं नाही. कोल्हापूरला येतो तो दहा दिवस, त्यातले चार बँकेत आणि तलाठ्याकडं जातात.

परवा रात्री त्याच मित्राचा मेसेज आला, "खरं सांगू? तू तरी आता कुठं आपल्या गावचा राहिलास?" मी उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. अजून पाठवलेलं नाही.

वर्गणी मात्र सकाळीच पाठवली. ९ डिसेंबरला रजा टाकली आहे. तिकडं रात्रीचे पावणेनऊ होतील तेव्हा इथं दुपारचे सव्वातीन असतील. त्या सुमारास मी काउजला, त्या क्रेनखाली असेन.