३० टक्के कापले, पण सांभाळणारीचं काय?

आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के कापायचे आणि ती रक्कम थेट आई-वडिलांच्या खात्यात भरायची, असा निर्णय लातूर जिल्हा परिषदेने २०२१च्या सुमारास अमलात आणला. कौतुक झालं, आणि ते रास्तच होतं. त्याच्या कितीतरी आधीपासून, २००७च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने, न्यायाधिकरणाला दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून देता येतो. पण आपल्याकडचा सगळा वाद 'कोण सांभाळत नाही' याच्याभोवतीच फिरतो. जी सांभाळते तिचं नाव त्यात येतच नाही. या कायद्यातल्या अपत्यांच्या व्याख्येत मुलगा, मुलगी, नातू, नात आहेत, सून नाही. २०१९च्या दुरुस्ती विधेयकात सून आणि जावई आले ते जबाबदार म्हणून, हक्कदार म्हणून नव्हे.

केंद्राच्या २०२४च्या वेळवापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या स्त्रियांपैकी ४१ टक्के घरातल्या कुणाची तरी काळजी घेण्यात वेळ देतात, पुरुषांपैकी २१.४ टक्के. देणाऱ्या स्त्रियांचा वेळ दिवसाला साधारण १४० मिनिटं, पुरुषांचा ७४. यात मुलांचं करणंही धरलेलं आहे. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असेल तर हा आकडा हास्यास्पद वाटतो, कारण तिथे रात्रही मोजावी लागते.

जर्मनीत नोकरी करणाऱ्या मराठी माणसाच्या पगारपत्रकात 'फ्लेगेफरझिशरुंग' नावाची एक ओळ असते. हा शुश्रूषा-विमा, १९९५पासूनचा. २०२५ला दर ३.६ टक्के, मूलबाळ नसेल तर ४.२. म्हणजे इथल्या, जर्मनीतल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषेचे पैसे आपण दरमहा भरतो आणि आपले आई-वडील सांगलीत वहिनीच्या भरवशावर असतात. हा विरोधाभास बोचावा असाच आहे. पण त्या पैशाचं इथे काय होतं ते बघण्यासारखं आहे.

आधी एक गैरसमज. 'तिकडे म्हाताऱ्यांना आश्रमात टाकतात' हे वाक्य लग्नाच्या पंगतीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत ऐकू येतं. २०२३च्या अखेरीस जर्मनीत शुश्रूषेची गरज असलेले ५७ लाख लोक होते आणि त्यांतले ८६ टक्के घरीच राहत होते. त्यांतल्या सुमारे ३१ लाखांचं सगळं मुख्यतः घरचेच करत होते. फरक एवढाच की घरचे करतात हे सरकारदरबारी नोंदलेलं असतं.

नोंद होते ती १ ते ५ अशा श्रेणींनी. तपासनीस घरी येतो आणि हालचाल, समज, स्वतःचं आवरणं, औषधोपचार वगैरे बाबींना गुण देतो. खाणं, अंघोळ, शौच या आवरण्याला सर्वांत जास्त, ४० टक्के वजन. गाडी अडते ती इथेच, आणि भारतात अशी तपासणी सुरू झाली तर दुपटीने अडेल. पाहुणा आला की आजोबा इस्त्रीचा सदरा घालून बसतात आणि म्हणतात, 'मी ठणठणीत आहे, सगळं माझं मी करतो.' सून भिडेपोटी गप्प. श्रेणी खाली लागते. म्हणून आधी दोन आठवडे वहीत लिहून ठेवायचं: रात्री १ला कूस बदलली, ३ला लघवी, चादर बदलली, ५ला पुन्हा उठवलं. 'मदत लागते' असं मोघम नको. किती वेळा, किती मिनिटं, एकट्याने की दोघांनी, असं हवं.

श्रेणी २पासून घरी करणाऱ्यांसाठी पैसे मिळतात: २०२५च्या दराने महिन्याला ३४७ युरो, श्रेणी ३ला ५९९, पाचवीला ९९०. पैसे रुग्णाच्या नावाने येतात, सांभाळणाऱ्यापर्यंत पोचतातच असं नाही. यातून पूर्ण वेळेची नोकरी सोडल्याची भरपाई होत नाही, आणि इथेही ती नोकरी बहुतेक वेळा बायकोची किंवा मुलीचीच सुटते. जर्मनीचं उगाच गोडवे गायचं कारण नाही. घरी राहायला पोलंड-बल्गेरियाहून येणाऱ्या '२४ तासांच्या' बायकांची अवस्था आपल्याकडे शुश्रूषेसाठी ब्युरोतून येणाऱ्या मावशींसारखीच आहे. नुसतं हाकेला थांबण्याचे तासही किमान वेतनात धरा, हे २०२१मध्ये इथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयाला सांगावं लागलं.

माझ्या मते आपण उचलावी अशी गोष्ट त्या पैशाच्या पलीकडे आहे. आठवड्याला निदान १० तास, दोन किंवा अधिक दिवसांत विभागून, सांभाळणाऱ्या नातेवाइकाची नोकरी ३० तासांपेक्षा जास्त नसेल तर त्याचा पेन्शनचा हप्ता हा विमा भरतो. त्याला अपघातविमाही मिळतो: सासऱ्यांना खुर्चीत बसवताना सुनेची पाठ गेली तर तो कामावरचा अपघात धरला जातो. आणि तिसरी, सगळ्यांत मोलाची गोष्ट म्हणजे बदली. सांभाळणारीला सुट्टी हवी, आजारपण आलं, की दुसऱ्या माणसाचा किंवा तात्पुरत्या निवासाचा खर्च मिळतो. जुलै २०२५पासून दोन्हींची मिळून वर्षाला ३,५३९ युरोंची एकच थैली. बदली ८ तासांपेक्षा कमी असेल तर दरमहाचे पैसे कापलेही जात नाहीत, म्हणून जाणकार लोक ती मंगळवारची तीन तास, शुक्रवारची तीन तास अशी वापरतात. अर्ज न भरणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही, आणि न भरणारे पुष्कळ आहेत.

'हे श्रीमंत देशाचे चोचले' असं कुणी म्हणेल. केरळात 'आश्वासकिरणम्' योजनेत अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणाऱ्याला दरमहा पैसे देण्याची सुरुवात २०१०मध्येच झाली; पुढे ते महिन्याला ६०० रुपये झाले. रक्कम तुटपुंजी आहे, पण सरकारी यादीत रुग्णाशेजारी सांभाळणारीचं नाव चढलं. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही जास्त आधार लागणाऱ्यांसाठी काळजीवाहक भत्त्याचा उल्लेख आहे. महाराष्ट्राने निदान श्रेणी, नोंद आणि वर्षाला १५ दिवसांची बदली एवढ्यावर वाद घालावा. पगार कापण्यापेक्षा तो जास्त कामाचा ठरेल.

सरकार काय करायचं ते करेल. दरम्यान परदेशातल्या भावंडांनी आपलं बघावं. आपण पैसे पाठवतो, व्हॉट्सॲपवर आहाराचे लेख पाठवतो, आणि पंधरा दिवस येऊन 'बाबा किती खंगलेत' म्हणून परत जातो. त्या पंधरा दिवसांत वहिनीला दुप्पट काम असतं, कारण आपण पाहुणे. ते पंधरा दिवस बदलीचे धरावेत आणि वहिनीने घराबाहेर राहावं. घरातच राहिली तर हाक तिलाच जाणार.

त्यासाठी पहिले दोन दिवस दोघांनी मिळून करायचं. कूस बदलणं शिकायचं: सुती चादर दुहेरी दुमडून खांद्यापासून मांडीपर्यंत अंगाखाली आडवी घालायची, दोन्ही बाजूंनी कडा गुंडाळून धरायच्या आणि दोघांनी एका वेळी सरकवायचं. काखेत हात घालून ओढलं की त्यांचा खांदा दुखावतो आणि आपली कंबर. आपले दिवाण बुटके असतात, रोज दहा वेळा वाकून पाठ धरते; भाड्याने मिळणारी, वर-खाली होणारी खाट घेतली तर गादी शुश्रूषा करणाऱ्याच्या कमरेइतकी उंच ठेवायची आणि काम झालं की खाली आणायची, नाहीतर रात्री पडण्याची भीती. एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही. ब्युरोची बाई ठेवायची असेल तर तीन गोष्टी आधी विचारायच्या: राईल्स ट्यूबने, म्हणजे नाकातून पोटात जाणाऱ्या नळीने, भरवण्याचा अनुभव आहे का, रात्री सलग किती तास झोप मिळणार, आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी कोण येणार. तिसऱ्याचं उत्तर 'बघू' असेल तर त्या दिवशी वहिनीलाच यावं लागणार.

मग कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवायचा. औषधांच्या वेळा, शेवटची शौचाची तारीख, डायपर बदलल्याच्या वेळा, डॉक्टरांचा आणि शेजारच्या काकांचा नंबर. तळाशी मोठ्या अक्षरात: वहिनीला फोन फक्त ताप १०१च्या वर गेला, नळी निघाली, घास अडकला किंवा पडले तरच. हिंगाची डबी कुठे आहे हे विचारायला नाही.