रंग देण्याआधी तपासणी झाली पाहिजे

सोसायट्यांच्या, शाळांच्या आणि महापालिकांच्या बागांमधील खेळण्यांवर आपल्याकडे मुख्यतः दोन वेळा खर्च होतो: ती बसवताना आणि ती रंगवताना. मधल्या काळात ती कोणी आणि केव्हा तपासली, याची लेखी नोंद मात्र फार थोड्या ठिकाणी सापडते. माझे स्पष्ट मत आहे की तपासणी न करता दिलेला रंग मुलांचा धोका वाढवतो, कारण गंज आणि वेल्डिंगला गेलेली चीर तो झाकून टाकतो आणि पालक निर्धास्त होतात.

सर्वांत आधी पाहायची ती खेळण्याखालची जमीन. दोन मीटर उंचीवरून पडणारे मूल जमिनीवर आदळते तेव्हा त्याचा वेग ताशी सुमारे 22 किलोमीटर असतो, आणि डोक्याला किती इजा होईल हे बरेचसे खाली काय आहे यावर ठरते. तरीही घसरगुंडीच्या शिडीखाली पेव्हर ब्लॉक किंवा कोबा असलेल्या कितीतरी जागा मी पाहिल्या आहेत. युरोपातील ईएन 1176 या मानकानुसार दोन मीटरपर्यंतच्या उंचीसाठी खाली किमान 20 सेंटीमीटर वाळू लागते, आणि खेळताना ती बाजूला सरकते म्हणून आणखी 10 सेंटीमीटर धरावी लागते. ही वाळू धुतलेली, मातीचा अंश नसलेली हवी. दगड फोडून केलेली, भुकटी मिसळलेली क्रश सँड भिजली की घट्ट दबून बसते आणि मग तिचा उपयोग उरत नाही. मांजरी आणि कुत्री वाळू घाण करतात ही तक्रार खरी आहे, आणि वाळू नको असेल तर रबराच्या टाइल्स जरूर बसवाव्यात. मात्र त्या किती उंचीवरून पडल्यास पुरेशा आहेत, याचा चाचणी अहवाल पुरवठादाराकडून मागून घ्यावा. टाइलची जाडी पडण्याच्या उंचीला पुरेशी नसेल, तर ती केवळ रंगीत फरशी ठरते.

दुसरी बाब फटींची, आणि तिच्याकडे फारच थोड्यांचे लक्ष जाते. कठड्याच्या दोन गजांमधले किंवा शिडीच्या दोन पायऱ्यांमधले अंतर 89 मिलिमीटरपेक्षा जास्त आणि 230 मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर लहान मुलाचे पाय आणि धड त्यातून खाली जाऊ शकते, पण डोके अडकते. पाय टेकायला काही नसेल तर शरीराचा सगळा भार मानेवर येतो. ही तपासणी करायला तज्ज्ञ लागत नाही: प्लायवूडचा 89 बाय 157 मिलिमीटरचा एक आयताकृती तुकडा आणि 230 मिलिमीटर व्यासाची एक तबकडी कापून घ्यावी. ज्या बंदिस्त फटीतून तुकडा जातो पण तबकडी जात नाही, ती फट धोक्याची. याच कारणाने सायकलचे हेल्मेट, ओढणी, शाळेच्या ओळखपत्राचा किंवा ताइताचा दोरा गळ्यात ठेवून मुलांना खेळण्यांवर चढू देऊ नये.

खांब बहुतेक वेळा गंजतात ते जमिनीलगत, जेथे काँक्रीटच्या कडेला पाणी साचते. कोकणपट्टीत खाऱ्या हवेमुळे ते आणखी लवकर होते. तेथील माती थोडी उकरून हातोडीने ठोकून पाहावे. झोपाळ्यात वरचा आकडा आणि साखळीची पहिली कडी जेथे एकमेकींवर घासतात तेथे झीज सर्वाधिक असते, आणि ती खाली उभे राहून दिसत नाही. शिडी लावून वर चढावेच लागते. फायबरच्या घसरगुंडीला तडा गेला की काचतंतू उघडे पडून कातडीत रुततात.

“आम्हीही लहानपणी पडलो, आम्हाला काय झाले?” असे म्हणणाऱ्या ज्येष्ठांबद्दल मला आदर आहे, आणि मुलांनी उंच चढावे, धडपडावे हे मलाही मान्य आहे. परंतु उंची मुलाला दिसते आणि ती पाहून ते जपून चढते; आतून झिजलेली कडी त्याला दिसत नाही. जो धोका मुलाला ओळखता येत नाही, तो शोधणे हे मोठ्यांचे काम आहे.

रोजची नजरतपासणी माळी किंवा सुरक्षारक्षक करू शकतो, दर एक ते तीन महिन्यांनी सांधे, नटबोल्ट आणि साखळ्या बारकाईने पाहाव्यात, आणि वर्षातून एकदा पायापासून सर्व तपासणी जाणकार अभियंत्याकडून करून घ्यावी. पावसाळा संपताना आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ती झाली तर उत्तम. सोसायट्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा 30 सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात. त्या सभेत तपासणीचा ठराव, जबाबदार सदस्याचे नाव आणि खर्चाची तरतूद मंजूर करून घ्यावी, अशी सर्व समिती सदस्यांना माझी कळकळीची विनंती आहे. तपासणीत दोष आढळला तर केवळ “वापरू नये” अशी पाटी लावून थांबू नये, कारण चार वर्षांचे मूल पाटी वाचत नाही. दुरुस्ती होईपर्यंत झोपाळा साखळीसकट उतरवून ठेवावा आणि घसरगुंडीची शिडी फळ्या ठोकून बंद करावी.